आळशी मी, की माझी ग्रंथी?

''वहिनी, अहो एप्रिल महिना आहे आणि तुम्ही स्वेटर घालून बसलाय?'' भिशीचे पैसे द्यायला आलेली शेजारीण दारातच थबकली. मी हसून वेळ मारून नेली. म्हटलं, ''जरा कणकण वाटतेय गं.''

कणकण वगैरे काही नव्हती. २०१६ सालचा तो उन्हाळा. आमच्या फलटणला एप्रिलमध्ये भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, पंख्याचं वारंसुद्धा गरम लागतं. आणि मला मात्र पंखा नको व्हायचा. सकाळी उठताना अंग शिशासारखं जड. कंगव्यात केसांचा गुंता. संध्याकाळपर्यंत पाय सुजलेले. आवाज इतका घोगरा झालेला, की फोनवर माहेरची माणसं विचारायची, ''कोण बोलतंय?'' बचत गटाच्या वहीत माझ्या हातून कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता, पण आता तीनदा बेरीज केली की तिन्ही वेळा वेगळं उत्तर यायचं.

दुपारी जेवण झालं की जी झोपायची ती चार वाजता भांड्यांच्या आवाजानेच जागी व्हायची. भांडी घासायला बाई होती, तरी सासूबाई स्वतः ओट्याशी उभ्या राहून भांडी लावायच्या आणि ती जरा जास्तच वाजायची. ही भाषा आपल्याला बरोबर कळते, नाही का?

गावातल्या एका डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, लोहाच्या आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ''चाळिशी जवळ आली की असं व्हायचंच. टेन्शन घेऊ नका.'' मी घरी आले. सगळ्यात वाईट म्हणजे मलाही मनातून पटलं होतं, की मी आळशी झालेय.

त्याच सुमाराला भाचीला दिवस गेले होते. तिला तपासणीला घेऊन मी साताऱ्याला गेले. डॉक्टर मॅडम भाचीला तपासत होत्या, पण मधूनमधून बघत होत्या माझ्याकडे. माझे सुजलेले डोळे, अर्ध्यावर विरळ झालेल्या भुवया. शेवटी म्हणाल्या, ''तपासणी हिची आहे, पण रक्त तुमचंही काढू या का?''

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. टीएसएच ६२. शेजारी छापलं होतं, साधारण अर्धा ते पाच असायला हवं. ह्यांनी तो कागद चष्मा वर करून दोनदा वाचला आणि म्हणाले, ''म्हणजे तुझी थायरॉइड फारच जोरात चाललीय का?''

आईची हाक

खरं तर नेमकं उलट होतं. डॉक्टर मॅडमनी ते इतकं छान समजावलं, की मी आजही गटातल्या बायकांना तसंच सांगते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिचं नाव पियुषिका. ती म्हणजे घरातली आई. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम वजनाची थायरॉइड ही मुलगी. सकाळी आई हाक मारते, ''ऊठ गं.'' मुलगी पटकन उठली तर आईचा आवाज चढत नाही. ती लोळतच पडली, की आईचा आवाज चढत जातो. टीएसएच म्हणजे पियुषिकेने थायरॉइडला मारलेली हाक. माझी थायरॉइड उठतच नव्हती, म्हणून आईचा आवाज ६२ पर्यंत चढला होता!

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. दहावीनंतर विज्ञानाच्या पुस्तकाशी माझा संबंध संपला. मानवी शरीराची आकृती काढून ग्रंथींना नावं देणं हा तेव्हा पाच मार्कांचा प्रश्न असायचा. नावं पाठ केली, मार्क मिळवले आणि विसरून गेले. ती आकृती आपली स्वतःची आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता सांगते. आपल्या शरीरात दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. काहींना नळी असते. डोळ्यांतलं पाणी, घाम, लाळ या नळीतून ठरलेल्या जागी पोचते. दुसऱ्या तऱ्हेच्या ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात आणि रक्त तो अंगभर पोचवतं. या अंतःस्रावी ग्रंथी. पियुषिका, थायरॉइड, तिच्या पाठीशी तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी, पोटातलं स्वादुपिंड, बायकांचे बीजकोश, पुरुषांचे वृषण. त्यांच्या स्रावाला इंग्लंडच्या स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये 'हार्मोन' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'चालना देणं'. आपल्या मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात. शब्द जड वाटतो खरा, पण आत 'प्रेरक' बसलाय बघा. काम करण्याची प्रेरणा देणारं ते संप्रेरक. म्हणजे ज्याला घरचे 'इच्छाच नाही हिला' म्हणत होते, ती इच्छा मला होती. अंगाला चालना देणारंच कमी पडलं होतं.

गोळी आणि माझा शहाणपणा

थायरॉइड मंदावली की सगळं शरीरच मंद आचेवर जातं. थंडी सोसत नाही, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, पाळीत अंगावरून जास्त जातं, विसरायला होतं, उगाच रडू येतं. उलट ती जास्त धावू लागली तर छाती धडधडते, हात थरथरतात, उकडतं, खाऊनपिऊनही वजन घटतं. हे दुखणं पुरुषांनाही होतं, पण बायकांमध्ये त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त.

एकेकाळी यावर काही इलाज नव्हता. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून सुजलेल्या, मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षं जगली! ४६ म्हणजे जवळजवळ माझंच वय की. १९१४ मध्ये अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉइडमधलं मूळ संप्रेरक, थायरॉक्सिन, वेगळं काढलं. आज तेच कारखान्यात तयार होतं आणि छोट्याशा गोळीतून आपल्याला मिळतं. शरीरात जे कमी पडलंय तेवढंच बाहेरून भरून काढायचं, इतका साधा हिशेब.

पण साध्या हिशेबातही मी चुकले. सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायची आणि त्याच घोटाबरोबर लोहाची अन् कॅल्शियमचीही. म्हटलं, सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला नको. तीन महिन्यांनी टीएसएच २८. डॉक्टर मॅडमनी विचारलं, ''गोळी कशाबरोबर घेता?'' मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी, जमलं तर तासभर, चहासुद्धा घ्यायचा नाही. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. नाहीतर ती पोटातच अडकते, रक्तात पुरेशी पोचत नाही. आपल्याकडे घरटी एक बाई लोहाच्या गोळ्या घेते, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. वर्षभरात मी ठणठणीत झाले, रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी गोळी बंद केली. बरं वाटतंय तर कशाला औषध? दोन-तीन महिन्यांत स्वेटर पुन्हा कपाटातून बाहेर. रिपोर्ट नॉर्मल होता तो गोळीमुळे, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. माझं दुखणं हाशिमोटो या जपानी डॉक्टरांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी १९१२ मध्ये ते पहिल्यांदा नोंदवलं. त्यात शरीराचंच संरक्षक दल चुकून थायरॉइडवर हल्ला करतं. मला ही गोळी कायमची. मंगळसूत्र रोज घालते तशी गोळीही रोज घेते, त्यात काय एवढं?

आत्याची घोंगडी

आता जे सांगणार आहे ते याआधी कुठे सांगितलेलं नाही.

२०१८ च्या संक्रांतीला आमच्या गटाने हळदीकुंकू ठेवलं आणि साताऱ्याच्या त्याच डॉक्टर मॅडमना बोलावलं. थायरॉइडवर बोलता बोलता त्या पियुषिकेवर आल्या. म्हणाल्या, ''गरोदरपणात ही ग्रंथी आकाराने वाढते आणि तिला रक्तही जास्त लागतं. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला, की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिचा बराचसा भाग मरून जातो. मग त्या बाईला दूधच येत नाही. पाळी परत सुरू होत नाही. काखेतले केस गळतात, चेहरा फिकट पडतो, सतत थंडी वाजते, अंगात त्राण राहत नाही. शीहान नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ मध्ये हे नीट मांडलं.''

माझ्या हातातलं तिळगुळाचं ताट तसंच राहिलं. डोळ्यांपुढे उभी राहिली माझी आत्या.

आत्याचं सासर माण तालुक्यात, दहिवडीजवळच्या एका खेड्यात. १९८४ साली तिचं बाळंतपण घरातच झालं. रक्त थांबेना. बैलगाडीतून नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. आत्या वाचली, बाळही वाचलं, पण तिला दुधाचा थेंब आला नाही. बाळ चुलतजावेच्या दुधावर वाढलं. पाळी आलीच नाही. सासरच्यांनी वर्ष-दीड वर्ष वाट बघितली आणि ''ही आटली'' म्हणून माहेरी आणून सोडलं. बाळ मात्र ठेवून घेतलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

आमच्या घरी ती चुलीपाशी घोंगडी पांघरून बसलेली असायची, वैशाखातसुद्धा. सावकाश बोलायची, सावकाश चालायची. भाकरी थापताना मध्येच थांबायची. आई म्हणायची, ''वन्सं, तवा करपला.'' आम्ही पोरं तिला 'थंडीआत्या' म्हणून चिडवायचो. मी त्यात सगळ्यात पुढे असायचे. १९९९ मध्ये तिला दोन दिवस ताप-उलट्यांचं निमित्त झालं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. साध्या तापाने माणूस जातं का, असं सगळे म्हणत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ''तपासण्या केल्याशिवाय खात्रीने कुणीच काही सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगताय ते अगदी जुळतंय.'' पियुषिका गेली की ती ज्यांना हाक मारते त्या सगळ्या ग्रंथी झोपून जातात. थायरॉइड, बीजकोश आणि अधिवृक्कही. अधिवृक्काचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक आजारपणात शरीराला तोलून धरतं. ते नसलं तर साधा ताप, जुलाबही जिवावर बेततात. आणि यावर उपाय आहे. कमी पडलेली संप्रेरकं गोळ्यांनी देता येतात, तीही साध्याच गोळ्या. १९८४ मध्येसुद्धा त्या होत्या. पण आत्याला कुणी डॉक्टरकडे न्यायचं? ती आजारी होती असं आमच्यापैकी कुणाला वाटलंच नव्हतं. ती 'तशीच' होती.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती कायम लक्षात ठेवा. आत्याची नुसती टीएसएच केली असती तर ती नॉर्मल आली असती कदाचित. कारण हाक मारणारी आईच नाही, तर आवाज चढणार कुठून? अशा वेळी टी-४ आणि इतर संप्रेरकंही बघावी लागतात. शिवाय अशा बाईला आधी कॉर्टिसॉलची गोळी सुरू करून मगच थायरॉइडची देतात, उलटं केलं तर धोका असतो. म्हणून शेजारणीची गोळी आपण घेऊन बघायची, हा प्रकार नको. आणि बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. कितीही वर्षं झालेली असू देत.

मीठ लुटलं

त्या संक्रांतीला आम्ही वाण म्हणून काय दिलं असेल? दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर चमचे. त्या वर्षी आयोडीनयुक्त मिठाची पुडी. थायरॉइडला आपलं संप्रेरक बनवायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. चिमूटभरसुद्धा नाही, पण नसलं की गलगंड होतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमालयाच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं, की मिठातून आयोडीन दिलं की गलगंड कमी होतो. १९६२ मध्ये आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तो याच काळात.

मी पुडी पुढे केली आणि पहिल्याच बाईने हात मागे घेतला. ''ताई, मीठ हातात नाही घेत हो, भांडण होतं!'' सगळ्या हसल्या. मग पुड्या ताटात ठेवल्या आणि ज्यांनी त्यांनी उचलून घेतल्या. रूढीही सांभाळली, आयोडीनही घरात गेलं. मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा, ओल आणि ऊन लागू देऊ नका. खडे मीठ आणि सैंधव यांची हल्ली फॅशन आली आहे. त्यात बहुधा वरून आयोडीन घातलेलं नसतं, पुडीवर वाचून घ्या. मात्र एक खरं, माझ्यासारखं हाशिमोटोचं दुखणं मीठ खाऊन बरं होत नाही. आणि जास्त मीठ तर कुणीच खाऊ नये.

गटातल्या पोटुशी मुलींना मी दोन गोष्टी आवर्जून सांगते. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड तयार झालेली नसते, ते आईच्या संप्रेरकावर जगतं. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. दुसरं, बाळ जन्मलं की त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइड तपासता येते. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एक जन्मतःच थायरॉइड कमी असलेलं असतं. दिसायला ते छान असतं, शांत झोपतं, ''किती गुणी बाळ'' म्हणून कौतुकही होतं. पण पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं, उशीर झाला तर बुद्धीची वाढ खुंटते ती खुंटतेच. माझ्या भाचीच्या मुलीची ही तपासणी आम्ही मागून करून घेतली.

इतर ग्रंथींच्याही कहाण्या आपल्या आजूबाजूला आहेतच. ओठांवर लव येते, पाळी चारचार महिने चुकते, म्हणून मुलीला 'पुरुषी' म्हणतात. ते बीजकोश आणि इन्शुलिन यांच्या बिघाडाने होतं. गुडघेदुखीसाठी कुणी नाव नसलेल्या 'जादूच्या' पुड्या आणतात. त्यात बरेचदा स्टेरॉइड निघतं. महिनोन्महिने ते घेतलं की आपली अधिवृक्क ग्रंथी काम सोडून देते, आणि पुडी एकदम बंद केली की माणूस कोसळतं. अशा पुड्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मूल होत नाही म्हणून सुनेच्या तपासण्या होतात, मुलाच्या होतच नाहीत. वृषण हीसुद्धा ग्रंथीच आहे, एवढंच म्हणते.

अर्थात प्रत्येक थकवा ग्रंथींचा नसतो. रक्त कमी असेल, झोप पुरत नसेल, घरात कुणी हातभार लावत नसेल, तरी बाई थकतेच. पण ते रक्त तपासून ठरवायचं, भांडी आपटून नाही.

माझ्या सासूबाईंचं आता वय झालंय. मी गोळी सुरू केली त्यानंतर वर्षभराने त्या एक दिवस हळूच म्हणाल्या, ''माझंही एकदा रक्त बघशील का गं?'' त्यांचीही टीएसएच वाढलेली निघाली. किती वर्षं त्या तशाच राबत होत्या, कोण जाणे. आता रोज सकाळी आम्ही दोघी आपापली गोळी पाण्याबरोबर घेतो आणि चहाचं आधण ठेवून घड्याळाकडे बघत बसतो.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात कुणी उन्हाळ्यात चादर ओढून बसलेली असेल, कुणाची पाळी बाळंतपणानंतर परतलीच नसेल, कुणाला सगळे 'मंद' म्हणत असतील, तर तिला चिडवू नका. तिच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, ''कधीपासून होतंय गं असं?'' माझ्या आत्याला हे एकदाही कुणी विचारलं नाही.